नाव कोणाचे? 'सिस्टर्स', 'सिस्टरहुड' आणि 'मिशन': गॉथिक रॉकमधल्या एका फुटीचा प्रकरण अभ्यास

प्रकरण थोडक्यात

1985 च्या अखेरीस इंग्लंडमधल्या लीड्स शहराचा 'द सिस्टर्स ऑफ मर्सी' हा बँड फुटला. गायक अँड्र्यू एल्ड्रिच एका बाजूला, गिटारवाला वेन हसी आणि बेसवाला क्रेग अॅडम्स दुसऱ्या बाजूला. जुने नाव कोणीच वापरायचे नाही अशी बोली झाली होती, असे गायकाचे म्हणणे. थोड्याच दिवसांत दुसऱ्या बाजूने जुन्या नावाला अगदी खेटून असलेले नाव घेतले आणि कार्यक्रम सुरू केले. गायकाने त्यावर भांडण कोर्टात नेले नाही. त्याने तेच नाव स्वतः घेतले, घाईघाईने एक रेकॉर्ड काढली आणि दुकानात नेऊन ठेवली.

नाव आणि चिन्ह कोणाचे, हा वाद मराठी वाचकाला नव्याने समजावून सांगायला नको. पण इथे निवडणूक आयोग नव्हता आणि नोंदणीचा कागदही नव्हता. हे प्रकरण मला महत्त्वाचे वाटते ते एका वेगळ्याच कारणासाठी. गॉथिक रॉकमध्ये, म्हणजे काळोख्या, उदास वळणाच्या रॉक संगीतात, कोणाचा प्रभाव पडला आणि कोणाला मान मिळाला, याचा हिशेब करायला बसले की या दोन-तीन महिन्यांपाशी यावेच लागते.

मुख्य माणसे जगजाहीर आहेत, त्यामुळे त्यांची नावे लपवलेली नाहीत. व्यवस्थापक, वकील, कंपनीतली माणसे यांचा उल्लेख फक्त कामावरून येईल.

पार्श्वभूमी

अँड्र्यू एल्ड्रिच आणि गॅरी मार्क्स या दोघांनी 1980 मध्ये बँड सुरू केला तो आपले गाणे रेडिओवर ऐकायला मिळावे एवढ्याच हौसेने. एल्ड्रिच ऑक्सफर्डला फ्रेंच-जर्मन साहित्य शिकत होता, मग लीड्सला चिनी भाषा शिकायला आला, आणि दोन्ही शिक्षणे अर्धवट राहिली. पहिल्या सिंगलवर (एक-दोन गाण्यांच्या छोट्या रेकॉर्डवर) ड्रम वाजवणारा तोच होता. आपल्याला ड्रम येत नाहीत हे त्याने लवकर ओळखले आणि माणसाच्या जागी ड्रम मशीन आणले. त्या यंत्राचे नाव 'डॉक्टर अॅव्हलांच'. पुढे माणसे आली आणि गेली, यंत्रेही बदलली, पण डॉक्टर आजतागायत बँडमध्ये आहेत. एल्ड्रिच सोडला तर एवढी नोकरी कोणाचीच टिकली नाही.

बँडचे नाव लेनर्ड कोहेनच्या 1967 मधल्या गाण्यावरून घेतलेले. (जाता जाता: हेच कोहेन 1999 पासून मुंबईला येऊ लागले, ते वॉर्डन रोडजवळ राहणाऱ्या रमेश बाळसेकरांच्या सत्संगासाठी. बाळसेकर म्हणजे बँक ऑफ इंडियाचे निवृत्त वरिष्ठ अधिकारी आणि निसर्गदत्त महाराजांचे शिष्य. लीड्सचे गॉथ आणि खेतवाडीतले निसर्गदत्त यांच्यात एवढेच अंतर.) नावाबरोबर चिन्हही ठरले: पाच टोकांचा तारा आणि त्यावर शरीरशास्त्राच्या प्रसिद्ध ग्रंथातले, कातडी सोललेले माणसाचे डोके. चिन्ह एल्ड्रिचने जुळवले. 'मर्सिफुल रिलीज' हे बँडचे स्वतःचे लेबल, म्हणजे रेकॉर्ड काढणारी छोटी कंपनी, तीही त्याच्याच हातात. ही गोष्ट पुढे निर्णायक ठरली, म्हणून लक्षात ठेवायची.

1981 मध्ये क्रेग अॅडम्स बेस वाजवायला आला. 1982 चे 'अॅलिस' आणि 1983 चे 'टेम्पल ऑफ लव्ह' या सिंगल्सनी बँडला छोट्या लेबलांच्या दुनियेत पहिल्या रांगेत नेले. यंत्राचा न थकणारा ठेका, खर्जातला आवाज आणि धुराचे इतके लोट की रंगमंचावर कोण उभे आहे ते दिसू नये.

'गॉथिक' हा शब्द तेव्हा अर्धा वर्णनाचा आणि अर्धा चेष्टेचा होता. नॉर्दॅम्प्टनच्या बाउहाउसने 1979 मध्ये नऊ मिनिटांहून मोठे 'बेला लुगोसीज डेड' काढले होते. लंडनच्या सोहोमध्ये 1982 मध्ये 'बॅटकेव्ह' क्लब सुरू झाला. सुझी अँड द बॅनशीज आणि द क्युअर आधीपासून होतेच. यातल्या बहुतेकांना ही पाटी नको होती. एल्ड्रिचला तर सर्वांत जास्त नको होती. त्याचे दैवत द स्टूजेस हा अमेरिकन रॉक बँड, आणि त्याचा बँड मंचावर अॅबाचे आणि डॉली पार्टनचेही गाणे वाजवायचा.

1983 च्या शेवटी वेन हसी आला. तो आधी लिव्हरपूलच्या 'डेड ऑर अलाइव्ह'मध्ये गिटार वाजवत असे. 1984 मध्ये डब्ल्यूईए या मोठ्या कंपनीशी करार झाला आणि मार्च 1985 मध्ये 'फर्स्ट अँड लास्ट अँड ऑल्वेज' हा पहिला अल्बम आला. ब्रिटनच्या खपाच्या यादीत 14 वा. आता नीट पाहा: या अल्बमच्या चाली मुख्यतः हसी आणि मार्क्स यांच्या, तर शब्द एल्ड्रिचचे. म्हणजे ज्या आवाजाने बँडला देशभर ओळख दिली, त्यातला सुरांचा भाग ज्यांचा, ते नावाचे धनी नव्हते.

मार्क्स अल्बमच्या दौऱ्यातच बाहेर पडला. उरलेल्या तिघांनी 18 जून 1985 ला लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये कार्यक्रम केला. त्याचे चित्रीकरण 'वेक' या नावाने निघाले.

अडचण

दुसऱ्या अल्बमसाठी तिघे पुन्हा कामाला लागले. एल्ड्रिचने तोवर हँबुर्गला मुक्काम हलवला होता. अल्बमचे नावही योजलेले होते, 'लेफ्ट ऑन मिशन अँड रिव्हेंज'. हसीने आणलेली गाणी एल्ड्रिचला पटेनात, एल्ड्रिचची उघडीबोडकी, दोन-तीन स्वरांवर चालणारी गाणी इतरांना पटेनात. आधी अॅडम्स उठून गेला, पाठोपाठ हसी.

इथपर्यंत हे कुठल्याही बँडचे होते तसेच भांडण. खरी अडचण पुढची. हातात होता एक अर्धा-कच्चा अल्बम, मोठ्या कंपनीशी करार, गाण्यांच्या हक्कांसाठी प्रकाशक कंपनीकडून येऊ शकणारे पैसे, आणि गावोगाव मागे फिरणारा चाहत्यांचा जथा. या सगळ्याचा दोर एका नावाला बांधलेला. ज्याच्याकडे नाव जाईल त्याच्याकडे बाकीचे ओढले जाणार. आणि नाव कोणाचे हे कुठेही लिहिलेले नव्हते.

इंग्लंडच्या कायद्यात नोंदणी नसलेल्या नावालाही संरक्षण मिळते, पण त्यासाठी बाजारात त्या नावाची पत आहे आणि समोरचा त्या पतीवर आपला माल खपवतो आहे, हे दाखवावे लागते. बँडच्या बाबतीत ही पत कोणाची? करार नसेल तर बँड ही भागीदारी मानली जाते आणि नाव भागीदारीचे ठरते, कोणा एकाचे नाही. 2003 मध्ये सॅक्सन या हेवी मेटल बँडच्या खटल्यात तिथल्या उच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. पण 1985 मध्ये असा निवाडा कोणाच्या टेबलावर नव्हता. दोन्ही बाजूंचे वकील अंदाजानेच बोलत असणार.

आपल्याकडच्या संगीत नाटकाच्या इतिहासात अशीच एक फूट आहे. 1913 मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले. नायकच निघून गेल्यावर किर्लोस्करांच्या नावाची पुण्याई किती दिवस पुरणार, हा प्रश्न तिथेही होता. पण बाहेर पडणाऱ्यांनी 'किर्लोस्कर'ला खेटून नाव घेतले नाही, सरळ 'गंधर्व नाटक मंडळी' काढली. लीड्सच्या मंडळींनी तसे केले असते तर हे प्रकरण लिहायला मी बसलो नसतो.

समोरचे पर्याय

आधी हसी आणि अॅडम्स यांची बाजू. त्यांनी पूर्वीच्या 'आर्टरी'तला सायमन हिंकलर गिटारसाठी आणि 'रेड लॉरी यलो लॉरी'तला मिक ब्राउन ड्रमसाठी घेतला. गाणी तयार होती, एल्ड्रिचने नाकारलेली 'गार्डन ऑफ डिलाइट' आणि 'डान्स ऑन ग्लास' हीसुद्धा. फक्त नाव नव्हते.

अगदी नवे नाव घेतले तर कोरी पाटी मिळते, पण 'आधीचे सिस्टर्स' हे दर वेळी पोस्टरवर कंसात लिहावे लागते. जुनेच नाव घेतले तर बोली मोडते आणि गायकाशिवाय ते हास्यास्पदही दिसते. तिसरा मार्ग मधला: जुन्या नावाचा वास येईल असे नवे नाव. त्यांनी 'द सिस्टरहुड' निवडले. सिस्टर्सच्या मागे गावोगाव फिरणाऱ्या चाहत्यांच्या टोळक्याला याच नावाने ओळखत. नाव म्हणून हुशारीचे. चाहत्यांनाच ते आपले वाटले असते.

पण मधल्या मार्गाची खोड अशी की त्यात दोन्हीकडचे तोटे येतात. जुन्या नावाचा पूर्ण फायदा मिळत नाही आणि जुन्या भागीदाराला चिडायला मात्र पूर्ण कारण मिळते.

आता एल्ड्रिच. गप्प बसणे हा पहिला पर्याय. पण तो दूर हँबुर्गला, हातात बँड नाही, आणि इंग्रजी संगीत साप्ताहिके दर आठवड्याला नव्या बातमीच्या शोधात. गप्प बसला असता तर दोन महिन्यांत 'सिस्टर्स म्हणजे आता सिस्टरहुड' हे लोकांच्या डोक्यात बसले असते. दुसरा पर्याय कोर्टात जाऊन मनाई हुकूम मागण्याचा. त्याला पैसा लागतो, वेळ लागतो, आणि मुख्य म्हणजे नाव भागीदारीचे की आपले हा प्रश्न आपणच न्यायाधीशापुढे उघडा करून ठेवावा लागतो. उत्तर उलटे आले तर? तिसरा पर्याय 'सिस्टर्स ऑफ मर्सी' हेच नाव ताबडतोब वापरून काहीतरी काढण्याचा. त्यात बोली मोडल्याचा ठपका त्याच्यावर आला असता, आणि मोठ्या कंपनीचा करार त्या नावावर असल्याने तिची परवानगी, तिचे वेळापत्रक, तिचा खर्च हे सगळे मागे लागले असते.

चौथा पर्याय त्याच्या जागी दुसरा कोणी असता तर सुचलाच नसता. 'सिस्टरहुड' हे नाव अजून कोणाच्याही रेकॉर्डवर छापलेले नव्हते. कार्यक्रमाची जाहिरात आठवड्यात शिळी होते, रेकॉर्ड दुकानात राहते. आणि रेकॉर्ड काढायला लागणारे लेबल त्याच्या खिशात होते.

काय केले गेले

जानेवारी 1986 मध्ये हसीच्या सिस्टरहुडने लंडनच्या एका क्लबात पहिला कार्यक्रम केला. मग ते द कल्ट या बँडबरोबर युरोपच्या दौऱ्यावर गेले. त्याच महिन्यात मर्सिफुल रिलीजने 'गिव्हिंग ग्राउंड' नावाचा सिंगल काढला. बँडचे नाव: द सिस्टरहुड. गायक: जेम्स रे, ज्याचे नाव तोवर फारसे कोणी ऐकले नव्हते. एल्ड्रिच स्वतः गायला नाही, कारण त्याच्या आवाजावर मोठ्या कंपनीचा करार होता. गाणे त्याचे, शब्द त्याचे, लेबल त्याचे, फक्त गळा दुसऱ्याचा.

सिंगलचे शीर्षक म्हणजे 'माघार घेणे'. माघार कोणी घ्यायची हे सांगायची गरज नव्हती.

ती घेतली गेली. फेब्रुवारीच्या अखेरीस हसीने बीबीसी रेडिओवर नवे नाव जाहीर केले: 'द मिशन'. एल्ड्रिचच्या गोटातून लगेच बोट दाखवले गेले की हेही नाव त्या रद्द झालेल्या अल्बमच्या शीर्षकातून उचललेले आहे. हसी मॉर्मन घरात वाढलेला. त्या पंथात तरुणांना धर्मप्रचाराच्या 'मिशन'वर पाठवतात, तेव्हा त्याच्याकडे या शब्दाचे वेगळे कारणही होते. मला दोन्ही खरे असू शकते असे वाटते. माणूस शब्द उचलतो तेव्हा एकाच खिशातून उचलत नाही.

एल्ड्रिच सिंगलवर थांबला नाही. जुलै 1986 मध्ये सिस्टरहुडचा पूर्ण अल्बम आला, 'गिफ्ट'. इंग्रजीत भेट, जर्मनमध्ये विष. अर्धवट का होईना, ऑक्सफर्डचे शिक्षण इथे कामी आले. फक्त पाच गाणी. सोबत गन क्लबमधून आलेली पॅट्रिशिया मॉरिसन, न्यूयॉर्कच्या 'सुइसाइड'चा अॅलन व्हेगा आणि मोटरहेडचा सर्वांत पहिला ड्रमर लुकास फॉक्स. पहिल्या गाण्याच्या आरंभी मॉरिसनच्या आवाजात आकडे ऐकू येतात: दोन, पाच, शून्य, शून्य, शून्य. फुटलेल्या बँडमधून जो आधी रेकॉर्ड काढेल त्याला मिळायच्या 25,000 पौंडांच्या प्रकाशन-आगाऊ रकमेशी हे आकडे जोडले जातात. शर्यत जिंकल्यावर पावती वाचून दाखवण्याचा हा प्रकार.

प्रामाणिकपणे सांगायचे तर 'गिफ्ट' मला सलग ऐकवत नाही. 'गिव्हिंग ग्राउंड'ची चाल सुंदर आहे, बाकी बराच भाग यंत्राने यंत्राशी घातलेला वाद वाटतो. पण ती रेकॉर्ड ऐकण्यासाठी काढलेलीच नव्हती. ती कुंपण होती.

परिणाम: जवळचा

दोन्ही बाजूंचे बरे झाले, ही या प्रकरणातली मला आवडणारी विसंगती. मिशनने आधी एका छोट्या लेबलवर सिंगल्स काढले, मग मर्क्युरीशी करार केला, आणि नोव्हेंबर 1986 मध्ये 'गॉड्स ओन मेडिसिन' हा अल्बम आला. त्यात 'गार्डन ऑफ डिलाइट' आणि 'डान्स ऑन ग्लास' ही नाकारलेली गाणी होती. अल्बम यादीत 14 व्या क्रमांकावर गेला, म्हणजे एल्ड्रिचबरोबर केलेला अल्बम जिथे पोचला होता नेमका तिथेच. 1988 मध्ये लेड झेपेलिनच्या जॉन पॉल जोन्सने निर्मिती केलेला 'चिल्ड्रन' दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढला. एवढ्या वर सिस्टर्सचा एकही अल्बम कधी गेला नाही.

एल्ड्रिच नाव सोडवून घेऊन 1987 मध्ये परतला. 'धिस करोजन' हे जवळपास अकरा मिनिटांचे गाणे जिम स्टाइनमनच्या निर्मितीत, मागे न्यूयॉर्कच्या चाळीस जणांच्या गायनवृंदाचा गजर. हे गाणे हसीच्या गाणी लिहिण्याच्या पद्धतीची टिंगल आहे, असे सांगतात. टिंगल सातव्या क्रमांकावर गेली. 'फ्लडलँड' अल्बम नववा. 'डोमिनियन'च्या चित्रफितीसाठी जॉर्डनमधल्या पेट्राच्या खडकांत जाऊन चित्रीकरण झाले. अल्बमच्या पुठ्ठ्यावर दोनच माणसे, एल्ड्रिच आणि मॉरिसन.

मॉरिसनचा अल्बममधला प्रत्यक्ष वाटा किती, यावर पुढे वाद झाला आणि तीही बाहेर पडली. तिची काळी लेस, फुललेले केस आणि कोळशासारखे डोळे मात्र बाहेर पडले नाहीत. पुढची तीसेक वर्षे 'गॉथ मुलगी' म्हटले की चित्रकार, केशभूषाकार आणि कॉलेजातल्या मुली नकळत तिचीच नक्कल करत होत्या. रॉयल्टी न देता पसरणारा प्रभाव तो हाच.

परिणाम: लांबचा

1990 मध्ये 'व्हिजन थिंग' आला. 1991 मध्ये एल्ड्रिचने अमेरिकेत पब्लिक एनिमी या रॅप गटाबरोबर दौरा काढला, तो अर्धवट थांबला. 1992 मध्ये 'टेम्पल ऑफ लव्ह' इस्रायली गायिका ओफ्रा हाझाच्या आवाजासह पुन्हा आले आणि तिसऱ्या क्रमांकावर गेले. हे त्याचे सर्वांत मोठे यश.

आणि मग शुकशुकाट. कंपनीशी बिनसले, एल्ड्रिच संपावर गेला. कराराचे देणे फेडण्यासाठी 1997 मध्ये 'एसएसव्ही' या नावाने त्याने ड्रम नसलेले, कंटाळा यावा असे इलेक्ट्रॉनिक संगीत कंपनीला सुपूर्द केले आणि मोकळा झाला. कंपनीने ते कधीच बाजारात आणले नाही. 1986 मध्ये रेकॉर्ड हे शस्त्र म्हणून वापरता येते हे तो शिकला होता, त्याचाच हा दुसरा प्रयोग. फरक इतकाच की पहिल्याने बँड वाचला. दुसऱ्यानंतर आजवर नवा स्टुडिओ अल्बम नाही. दौरे मात्र चालू आहेत, नवी गाणीही मंचावर ऐकायला मिळतात.

मानाचे काय? अमेरिकेतल्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने 2019 मध्ये द क्युअरला घेतले, 'नाइन इंच नेल्स'च्या ट्रेंट रेझनरने त्यांचे स्वागत केले. सिस्टर्स किंवा मिशन यांना तिथे बोलावणे आले नाही. पण प्रभावाचा माग तिथे शोधायचाच नसतो. तो लीड्सपासून जवळच्या हॅलिफॅक्सच्या पॅरडाइज लॉस्टकडे शोधावा, ज्यांनी 1991 मध्ये मेटल अल्बमचे नावच 'गॉथिक' ठेवले. क्रेडल ऑफ फिल्थकडे शोधावा, ज्यांनी 2001 मध्ये सिस्टर्सच्या पहिल्या अल्बममधले 'नो टाइम टु क्राय' पुन्हा गायले. लाइपझिगमध्ये 1992 पासून भरणाऱ्या गॉथ जत्रेत शोधावा, जिथे पेन्शनीला आलेली माणसेही काळे कपडे घालून ट्रॅमने फिरतात. कुठल्याही गॉथ क्लबात रात्री बारानंतर 'फ्लडलँड'मधल्या 'लुक्रिशिया'चा बेस सुरू झाला की कोण कोण मैदानात येते ते पाहावे.

जो पाटी फेकून देत राहिला, त्याच्याच नावाने ती ओळखली जाते. हसीने पाटी फारशी नाकारली नाही, गाणी जास्त सुरेल दिली, यादीतही वर गेला, आणि तरीही प्रभावाच्या चर्चेत त्याचे नाव दुसरे येते. याचे मोठे कारण मला 1986 च्या त्या रेकॉर्डमध्ये दिसते. 'मिशन' हे नाव लोकांसमोर आले तेच माघारीच्या बातमीबरोबर.

निर्णयाची वळणे आणि वेगळे काय करता आले असते

पहिले वळण 1985 चे नाही, 1984 चे आहे. मोठ्या कंपनीच्या करारावर सह्या करताना बँडमधल्या माणसांनी आपसात एक पानाचा कागद केला असता (नाव कोणाचे, चिन्ह कोणाचे, बाहेर पडणाऱ्याला काय) तर पुढचे काही घडले नसते. तो का केला नाही? करार होताना सगळे आनंदात असतात आणि घटस्फोटाचे बोलणे लग्नमंडपात कोणी काढत नाही. शिवाय ज्याच्या हातात लेबल आणि चिन्ह होते, त्याला असा कागद नसणेच सोयीचे. बाकीच्यांच्या वतीने हा प्रश्न विचारणे व्यवस्थापकाचे काम होते. पुण्या-मुंबईतल्या ओळखीच्या तीन बँडना मी हा प्रश्न विचारून पाहिला. तिन्ही ठिकाणी आधी हशा पिकला, मग थोडी शांतता.

दुसरे वळण तोंडी बोलीचे. 'जुने नाव कोणीच वापरायचे नाही' ही बोली वरवर न्याय्य वाटते. पण तिने फक्त एका नावावर बंदी घातली, नावाच्या पुण्याईवर नाही. 'मिळतेजुळते नाव चालेल का' हा प्रश्न तेव्हाच विचारला असता तर दोघांचेही हेतू तिथल्या तिथे उघड झाले असते. शिवाय 1987 मध्ये एल्ड्रिचने जुने नाव परत घेतलेच. हसीच्या बाजूने आधी बोलीचा आत्मा मोडला होता, म्हणून त्याला ते पचले. हसीने जानेवारीतच सरळ 'मिशन' नाव घेतले असते, तर 1987 मध्ये बोली मोडल्याचा आरोप एल्ड्रिचवर आला असता आणि त्याला उत्तर देणे जड गेले असते. हसीच्या बाजूची सर्वांत महाग चूक हीच. जाहिरातीचे थोडेफार पैसे वाचवायला जाऊन त्यांनी समोरच्याच्या हाती नैतिक सबब दिली.

तिसरे वळण वेगाचे. हसीकडे चार माणसांचा तयार बँड आणि तयार गाणी होती. एल्ड्रिचकडे काहीच नव्हते, तरी रेकॉर्ड त्याची आधी आली. हसीच्या मंडळींनी कार्यक्रमांना प्राधान्य दिले, कारण कार्यक्रम हेच त्यांचे बळ आणि रोजची कमाई. दौऱ्यावर जाण्याआधी दोन दिवस स्टुडिओ घेऊन एक सिंगल छापून घेतला असता, तर कुंपण त्यांचे झाले असते. मात्र छापायला लेबल लागते, आणि लेबल गाठेपर्यंत महिना जातो. साधन ज्याच्या घरात, त्याचा वेग जास्त.

चौथे, एल्ड्रिचच्या बाजूने. त्याची चाल अचूक होती, पण ती त्याने अल्बमभर ताणली. सिंगलनेच काम झाले होते, हसीने नाव सोडले होते. त्यानंतर 'गिफ्ट'वर घालवलेले महिने 'फ्लडलँड'ला दिले असते तर तो अल्बम 1986 मध्येच येऊ शकला असता का? कदाचित. पण उलट बाजूही आहे. यंत्रांवर, एकट्याने, बँडशिवाय अल्बम कसा उभा करायचा हे तो 'गिफ्ट' करतानाच शिकला. 'कलर्स' हे गाणे घ्या. 'गिफ्ट'वर ते जेम्स रे गातो. 1987 मध्ये 'धिस करोजन'च्या मागच्या बाजूला तेच गाणे पुन्हा आले, नाव 'सिस्टर्स ऑफ मर्सी' आणि गळा एल्ड्रिचचा. दोन्ही लागोपाठ ऐकून पाहा. यंत्र तेच, शब्द तेच, वाद मिटलेला.

जेम्स रेने मर्सिफुल रिलीजवर पुढे स्वतःच्या नावाने रेकॉर्ड्स काढल्या. 'सिस्टरहुड' हे नाव एल्ड्रिचने 'गिफ्ट'नंतर पुन्हा वापरले नाही.